नाताळचे ट्रफल, आपल्या हवेत

डिसेंबर लागला की घराघरांत चॉकलेटचे साचे माळ्यावरून खाली येतात. कंपाउंडची लादी आणायची, वितळवायची, साच्यांत ओतायची, फ्रीजमध्ये ठेवायची आणि रंगीत चांदीत गुंडाळायची, की झालं काम. मुलांच्या वाढदिवसाला ते ठीकच आहे. ट्रफलचं प्रकरण वेगळं. त्यात चॉकलेटइतकाच मान क्रीमला असतो, साच्याची गरज नसते, आणि तोंडात टाकल्यावर तो चावायचा नसतो, विरघळू द्यायचा असतो. कृती म्हणाल तर तीन ओळींची: चॉकलेट चिरा, त्यावर गरम क्रीम ओता, गार झालं की गोळे वळा. तरीही पहिल्यांदा करणाऱ्या बऱ्याच जणांच्या हाती एकतर न आळणारा लगदा येतो, नाहीतर तेल सुटलेला गोळा. यात हाताचा दोष फारसा नसतो. कृती ज्या देशातून आली तिथलं क्रीम आपल्या दुकानात नसतं आणि तिथला डिसेंबर आपल्या खिडकीबाहेर नसतो. या दोन गोष्टींचा हिशेब जमवला की बाकी सगळं सोपं आहे.

सुरुवात चॉकलेटपासून. लादी हातात घेतली की आधी मागची बाजू वाचा. घटकांत कोको बटर असेल तर ते चॉकलेट. त्याजागी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट किंवा तसलीच दुसरी वनस्पतीजन्य चरबी असेल तर ते कंपाउंड, मग पुढच्या बाजूला कितीही मोठ्या अक्षरांत 'डार्क' छापलेलं असो. कंपाउंड स्वस्त असतं, उकाड्यात तग धरतं, वितळवलं की पुन्हा मुकाट्याने घट्ट होतं. त्याची ही सोय मान्य. पण ट्रफलच्या आत त्याला जागा नाही, कारण ते खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो आणि ट्रफलची सगळी मजा तर टाळूवरच असते. निम्मं कंपाउंड आणि निम्मं चॉकलेट असा काटकसरीचा बेतही नको. या दोन चरब्यांचं एकमेकींशी पटत नाही. त्यांचं मिश्रण मऊ राहतं आणि लवकर पांढुरकं पडतं.

५५ ते ६० टक्के कोको असलेलं डार्क चॉकलेट पहिल्या खेपेला उत्तम. अमूलचं ५५ टक्क्यांचं चॉकलेट साध्या किराणा दुकानातही मिळून जातं. बेकिंगच्या दुकानांत कॅलेबॉचं ५४.५ टक्क्यांचं टिकल्यांच्या आकारात येतं, म्हणजे चिरण्याचा त्रास वाचतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि पुण्यात रविवार पेठेत अशी दुकानं आहेत. सत्तर टक्क्यांच्या पुढचं चॉकलेट घेतलंत तर क्रीमबरोबरचं त्याचं मिश्रण कडक होतं आणि फुटण्याची शक्यता वाढते, तेव्हा हात बसल्यावरच त्याच्या वाटेला जा. बिस्किटांत घालायचे चोको चिप्स मात्र घेऊ नका. भट्टीतही आकार टिकावा अशा बेताने ते बनवलेले असतात आणि पुष्कळदा कंपाउंडचेच असतात.

आता क्रीम. चॉकलेट आणि क्रीम यांच्या या मिश्रणाला गनाश म्हणतात. शास्त्राच्या भाषेत ते इमल्शन, म्हणजे पाण्यात चरबीचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत ठेवलेले. पाणी कमी पडलं तर थेंब एकत्र येतात आणि तूप सुटतं. पाणी जास्त झालं तर गोळा आळत नाही. युरोप-अमेरिकेतल्या कृती ज्या क्रीमवर बेतलेल्या असतात त्यात चरबी ३५ टक्के किंवा त्याहून जास्त असते, आणि त्या क्रीमच्या दुप्पट वजनाचं डार्क चॉकलेट घ्या असं त्या सांगतात. आपल्या टेट्रापॅकमधल्या अमूल फ्रेश क्रीममध्ये चरबी २५ टक्के असते. उरलेल्या भागात बहुतेक पाणीच. तेव्हा जिथे १०० ग्रॅम क्रीम सांगितलं असेल तिथे ८५ ग्रॅम फ्रेश क्रीम आणि १५ ग्रॅम बिनमिठाचं बटर घ्या. आकडेमोड केलीत तर चरबी आणि पाणी दोन्ही जवळपास मूळ कृतीइतकंच भरतं. मग २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, ८५ ग्रॅम क्रीम, १५ ग्रॅम बटर आणि चिमूटभर मीठ, एवढ्या ऐवजात दहा-बारा ग्रॅमचे साधारण पंचवीस ट्रफल होतात. मिल्क चॉकलेट वापरायचं असेल तर याच क्रीम-बटरला २५० ग्रॅम लागेल आणि व्हाइट चॉकलेट ३०० ग्रॅम. ती दोन्ही मुळातच मऊ असतात, शिवाय अतोनात गोड, म्हणून माझं मत डार्कलाच.

घरची साय चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही चालत. साईत दुधाचे पापुद्रे असतात, ते गरम चॉकलेटमध्ये गुठळ्या होऊन बसतात. शिवाय तिच्यात चरबी किती, पाणी किती याचा भरवसा नसतो. घरचं लोणी विरजणाचं असेल तर आंबूस वास चॉकलेटमध्ये लपत नाही. तुपाचा वास त्याहून बळकट. केकवाल्यांचं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम आधीच गोड असतं आणि त्यातली चरबी वनस्पतीचीच, म्हणजे चांगलं चॉकलेट आणून ज्या चरबीपासून सुटका करून घेतली तीच मागच्या दाराने घरात येते. आणि हे सगळं वाटी-चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा. पाच-दहा ग्रॅम क्रीम इकडचं तिकडे झालं तरी गोळा वळताना लगेच कळतं. टेट्रापॅक फोडण्याआधी चांगला हलवून घ्या, कारण आत घट्ट भाग वर आणि पातळ भाग खाली असे दोन थर झालेले असतात.

चॉकलेट जितकं बारीक चिराल तितकं बरं. पाव कापायची दातेरी सुरी घ्या, लादीचा एक कोपरा पुढे करा आणि तिथून तिरकं चिरत जा, म्हणजे चुरा पडतो. फळी, सुरी, भांडं, उलथनं, सगळं कोरडं ठणठणीत हवं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तरी ते खडबडून गोळा होतं, कारण त्यातली साखर आणि कोको त्या थेंबाभोवती चिकटून बसतात. गंमत अशी की थोडं पाणी घात करतं आणि पुरेसं पाणी तारतं. क्रीममध्ये पाणी असूनही गनाश का होतं, याचं उत्तर तेच.

इथे पुस्तकात सहसा नसलेली एक गोष्ट. घरगुती प्रमाणात क्रीम इतकं थोडं असतं की त्याची निम्मी उष्णता भांडंच खातं, मग चॉकलेटचे तुकडे अर्धवट राहतात. म्हणून क्रीम ओतण्याआधी चॉकलेट जरा मऊ करून घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर वीस-वीस सेकंद, दर वेळी ढवळून. नसेल तर पाणी उकळून गॅस बंद करा आणि त्या पातेल्यावर भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला लागू नये आणि कडेने वाफ आत येऊ नये. पूर्ण वितळवायचं नाही, तुकड्यांच्या कडा गळाल्या की पुरे.

क्रीम छोट्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे आले की उतरवा, खळखळ उकळू देऊ नका. ते चॉकलेटवर ओता, झाकण ठेवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग सिलिकॉनचं उलथनं बरोबर मध्यभागी टेकवून लहान-लहान वर्तुळं काढायला लागा. सुरुवातीला सगळं फाटल्यासारखं दिसतं, घाबरू नका. थोड्या वेळात मधोमध एक गडद, चकचकीत ठिपका दिसेल. तो ठिपका कडेपर्यंत पसरवत नेणं एवढंच काम. अंडं फेटल्यासारखं फेटू नका, हवा शिरली की गनाश लवकर खराब होतं. मिश्रण एकजीव झालं की बोट लावून पाहा. ना गरम ना गार असं लागलं की बटरचे तुकडे आणि मीठ घाला. आधी घातलंत तर बटर नुसतं वितळून तेलकट होईल.

आता ते पसरट ताटलीत ओता आणि वरून क्लिंग फिल्म पृष्ठभागाला चिकटेल अशी लावा. वर हवा राहिली तर साय धरते आणि झाकणाला वाफ धरून तीच खाली ठिबकते. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरच्या रात्री थंड असतात, तिथे ताटली रात्रभर ओट्यावर राहू दिली तरी चालते. सावकाश आळलेलं गनाश जास्त मुलायम होतं. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात मात्र अर्धा तास बाहेर ठेवून मग दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. चांगलं बांधलेल्या चक्क्यासारखं, चमचा रुतेल पण खड्डा भरून येणार नाही असं झालं की वळायला तयार.

इथे लाडू वळणाऱ्या हातांना थोडी सवय मोडावी लागते. लाडवाला मुठीत दाब द्यायचा असतो, बुंदी एकमेकीला धरते ती त्या दाबानेच. ट्रफलला दाब म्हणजे ऊब, आणि ऊब म्हणजे वितळणं. कोको बटर ३४ अंशांच्या सुमारास वितळतं, आणि आपला तळवा त्याच्या फार मागे नसतो. म्हणून आधी चमच्याने सगळे गोळे काढून बटरपेपरवर टाका, आकार कसाही वेडावाकडा असो, आणि ते पुन्हा पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मग हात गार पाण्याखाली धरून खडखडीत पुसा, तळव्यांना कोको पावडर लावा आणि एकेक गोळा दोन-तीन फेऱ्यांत गोल करा. अगदी गुळगुळीत व्हायची गरज नाही. पाच-सहा झाले की हात पुन्हा गार करा. घरात ज्याचे हात कायम गार असतात त्याला या कामाला बसवा. ज्यांचे तळवे गरमच असतात त्यांनी गोळ्यांचा हट्ट सोडून वड्या पाडाव्यात: ताटलीऐवजी बटरपेपर लावलेला चौकोनी डबा घ्यायचा, गनाश त्यात दोन सेंटिमीटर जाडीचं ओतायचं आणि आळल्यावर गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापायचं. फ्रान्समध्येही असे चौकोन कोकोत घोळवून विकतात, तेव्हा कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

नुसता कोकोत घोळवलेला ट्रफल थंड देशात ठीक. आपल्याकडे दमटपणाने कोको ओलसर होतो आणि तासाभरात ट्रफलवर काळपट डाग पडतात. त्यावर उपाय म्हणजे चॉकलेटचं पातळ कवच. शंभर ग्रॅम चॉकलेट वितळवा, कोमट होऊ द्या. त्यातलं अर्धा चमचा एका तळव्यावर घ्या, गार ट्रफल त्यावर फिरवा आणि लगेच कोकोच्या ताटलीत टाका. काट्याने ट्रफल चॉकलेटमध्ये बुडवायचा, निथळवायचा, हे सगळं टळतं आणि कवचही कागदाइतकंच जाड राहतं.

या कवचासाठी टेंपरिंग करायचं का? कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि त्यातल्या एकाच प्रकाराने चकाकी आणि 'टक्' असा आवाज येतो. तो प्रकार मिळवण्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं असतं. खोलीचं तापमानच ३१ असेल तर ते २७ वर आणणार कसं? एसी लावून बसायची तयारी आणि थर्मामीटर असेल तर जरूर करा. माझा सल्ला असा की कोकोत घोळवणार असाल तर टेंपरिंग सोडून द्या. चकाकी नसली, पांढुरकी छटा आली, तरी वर कोको असतो, कुणाला काही दिसत नाही. फक्त असे ट्रफल वाढेपर्यंत फ्रीजमध्ये राहायला हवेत. आणि दुपारी गाडीतून कुठे न्यायचेच असतील तर वरच्या कवचापुरतं कंपाउंड वापरायला माझी हरकत नाही. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण ट्रफल जागेवर गोल पोचतील.

कोको पावडर बिनसाखरेची हवी. ड्रिंकिंग चॉकलेटची पावडर वापरलीत तर त्यातली साखर ओलावा ओढून घेते. डबा डच प्रोसेस्डचा मिळाला तर तोच घ्या. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करण्याची ही पद्धत नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटन घराण्याची. भाजलेल्या कोकोतून बटर दाबून वेगळं काढणाऱ्या यंत्राचं पेटंटही त्याच घराण्याने १८२८ मध्ये घेतलं होतं. या कोकोचा रंग गडद असतो आणि आंबटपणा कमी, त्यामुळे नुसता जिभेवर आला तरी ठसका लागत नाही. कोको नकोच असेल तर भाजलेल्या काजूचा भरड चुरा किंवा सुकं खोबरं मंद भाजून चुरून घ्या.

स्वाद द्यायचा तो क्रीममधून. या दिवसांत नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार बाजारात असतो. संत्रं सोलण्याआधी साल किसा, कारण ती सैल असते आणि सोलल्यावर किसणीवर टिकत नाही. फक्त वरचा केशरी भाग घ्या, आतला पांढरा कडू लागतो. कीस क्रीममध्ये घालून तापवा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि मग क्रीमचं पुन्हा वजन करा. किसाने दहा-पंधरा ग्रॅम क्रीम पिऊन टाकलेलं असतं, तेवढं भरून ८५ ग्रॅम करा आणि पुन्हा तापवून चॉकलेटवर ओता. वेलची, जायफळ, भरडलेले कॉफीचे दाणे यांनाही हीच रीत. रम घालायची तर एक मोठा चमचा, आणि तेवढंच क्रीम कमी करून. ती बटरबरोबर, म्हणजे मिश्रण कोमट झाल्यावर घाला, नाहीतर वास उडून जाईल. काजूची फेणी छोट्या चमच्यापेक्षा जास्त नको, ती बाकी कुणाला बोलू देत नाही. आमरस, गुलकंद, सरबतं यांचा मोह आवरा. त्यांत पाणी आणि साखर इतकी असते की सगळा हिशेब कोलमडतो. गुलकंद हवाच असेल तर वळताना मधोमध मुगाएवढा ठेवा. दूध न खाणाऱ्यांसाठी टेट्रापॅकमधलं कोकोनट क्रीम चालतं. मात्र चॉकलेटच्या घटकांतही दुधाची पावडर नाही ना, हे पाहून घ्या.

परदेशात राहणाऱ्या वाचकांना आमचा हा ८५-१५चा हिशेब लागू नाही. अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के चरबी असते, ते मूळ प्रमाणातच वापरा. ब्रिटनचं डबल क्रीम ४८ टक्क्यांचं, ते नुसतं वापरलं तर गनाश फुटतं. त्यातलं पाव क्रीम काढून तेवढं दूध घाला.

फुटलेलं गनाश फेकायचं नसतं. वर तेलाची तवंग आली, कणीदार दिसू लागलं, तर समजा पाणी कमी पडलंय किंवा मिश्रण फार गार झालंय. भांडं कोमट पाण्यावर धरा, एक छोटा चमचा गरम दूध घाला आणि पुन्हा मध्यापासून ढवळा. लागलंच तर आणखी एक चमचा. हँड ब्लेंडर असेल तर त्याचं पातं पूर्ण बुडवून दहा सेकंद फिरवा, बहुतेक वेळा तेवढ्यात जमतं. उलट रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही आळलं नसेल तर कोमट करून २५-३० ग्रॅम वितळवलेलं चॉकलेट मिसळा. एवढं करूनही हट्टाने पातळच राहिलं तर केकवर ओता.

गोव्यात नाताळला शेजारीपाजारी कोन्सुआद, म्हणजे गोडाधोडाचं ताट, पाठवायची रीत आहे. त्या ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कुलकुल असतात. त्यांच्या जोडीला ट्रफल ठेवणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की दोदोल गूळ आणि नारळाच्या रसात आटवून आटवून केलेला असतो, तो बाहेर टिकतो. ट्रफलमध्ये क्रीमचं पाणी तसंच असतं, त्याला ती सहनशक्ती नाही. म्हणून ट्रफल वेगळ्या छोट्या डब्यात द्या, ताट निघतानाच फ्रीजमधून काढा आणि घेणाऱ्याला फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. कुरियरने पाठवायच्या भानगडीत पडू नका. फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात आठवडाभर चांगले राहतात. चोवीस तारखेला द्यायचे असतील तर गनाश बावीसच्या रात्री आणि वळण्याचं काम तेवीसला, हा बेत सोयीचा पडतो.

डबा खरोखरच हवाबंद हवा. चॉकलेटमधली चरबी आजूबाजूचे वास भराभर ओढून घेते आणि आपल्या फ्रीजमध्ये चिरलेला कांदा, लसणाची चटणी, एखाद्या घरी सुकटही असते. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. गार ट्रफलवर दमट हवेचं पाणी जमतं, कोको चिकट होतो. वीस मिनिटं तसाच बंद ठेवा, घाम डब्यावर येऊ दे, तो पुसा आणि मग झाकण काढा. खाण्याची चवही तेव्हाच खुलते, फ्रीजमधून थेट तोंडात टाकलेला ट्रफल नुसता गार आणि मुका लागतो.

डब्यावर केल्याची तारीख लिहा, आणि आत काजू, दूध किंवा दारू जे असेल ते स्पष्ट लिहा. रमचे आणि बिनरमचे ट्रफल एकाच डब्यात घालू नका, कोकोत घोळवल्यावर करणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत. ज्या घरी कुत्रा असेल तिथे डबा देताना तोंडीही सांगा: चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याला पचत नाही, आणि डार्क चॉकलेटमध्ये ते मिल्क चॉकलेटपेक्षा कितीतरी जास्त असतं, तेव्हा डबा टेबलाच्या कडेला नको, वरच्या फळीवर किंवा सरळ फ्रीजमध्ये.